ढग तोच, झुडूपही तेच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका निवृत्त शिक्षकांचं पत्र वाचलं. मुलं जपानी कार्टूनं बघतात, मागून पुढे उघडणारी पुस्तकं वाचतात, रात्ररात्र गेम खेळतात आणि अख्खी पिढी वाया चालली आहे, असा पत्राचा सूर होता. शेवटी गुरुजींनी डॉ. कोटणीसांचं नाव घेतलं होतं. जपानी फौजांनी चीन भाजून काढला तेव्हा सोलापूरचा जो डॉक्टर तिथं जाऊन राबला आणि तिथंच गेला, त्याच्या गावातल्या पोरांच्या दप्तरांवर जपानी चित्रं शोभतात का, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न सोडून देण्यासारखा नाही, म्हणून उत्तर लिहायला बसलो. बसलो खरा, पण आमच्या घरात बोलणं तेलुगू, लिहिणं मराठी आणि भांडण दोन्हींत. चार दिवस लागले.

आधी मी कोण ते सांगतो. मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील तेलंगणातून मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. मी स्वतः माग फारसा चालवला नाही. चादरीवरची नक्षी ग्राफवर उतरवायची हे माझं काम. बेचाळीस वर्षं तेच केलं. बारीक चौकटींचा कागद घ्यायचा. ज्या चौकोनात लाल रंग भरला तिथं उभा धागा उचलला जाणार, कोरा ठेवला तिथं खाली राहणार. कागद पुरा झाला की कार्ड पाडणारा ओळीमागून ओळ वाचून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा. अशा शेकडो पट्ट्या दोऱ्यात ओवून मागाच्या डोक्यावर, जॅकार्डला टांगायच्या. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. तिसरं काही नाही. मोर, कमळ, वेलबुट्टी, ताजमहाल, मालकाच्या मुलीच्या लग्नातली 'शुभविवाह' अक्षरं, सगळं या हो-नाहीतूनच निघायचं.

एकदा माझ्याकडून मोराच्या डोळ्याखाली एक चौकोन जास्तीचा भरला गेला. कार्ड तसंच पडलं. चादरी निघाल्या, गठ्ठे बांधायच्या वेळी मालकांची आई म्हणाली, "हा मोर रडतोय का रे?" दीडशे चादरींवरचा मोर रडत होता. मालकांनी पगारातून कापले, ते बरोबरच होतं. पण एका चौकोनात केवढं सामर्थ्य असतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि पुढं नातीच्या मोबाइलकडे बघताना हाच मोर आठवत राहिला.

नातीच्या आधी तिच्या बापाचं सांगतो. माझा मुलगा शाळेत असताना, म्हणजे १९९६-९७ च्या सुमारास, त्यानं हट्ट करून नव्या पेठेतून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९ गेम, आत खरे सात-आठ. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. गल्लीतली पोरं फुंकरीत तरबेज झाली होती. तर एके रात्री मी कारखान्यातून येऊन जेवत होतो आणि समोर मुलाचा मारिओ पळत होता. वर निळ्या आभाळात पांढरा ढग, खाली जमिनीवर हिरवं झुडूप. माझा घास हातातच राहिला. ढग तोच होता, झुडूपही तेच होतं. नक्षी एक, रंग दोन. मुलाला म्हणालो, "हे काढणारा आपल्यातला आहे." त्याला वाटलं, बाबा पद्मशाली म्हणतायत, म्हणजे आमच्या विणकर समाजातला.

आम्हीही हेच करायचो ना. अर्धाच मोर ग्राफवर काढायचा आणि दोऱ्या अशा बांधायच्या, की उरलेला अर्धा आरशातल्यासारखा समोर उमटावा. कोपऱ्यातलं फूल चारदा फिरवायचं. कार्डं कमी, पैसा कमी, माग लवकर चालू. मारिओचं ते ढगाचं मी त्या रात्री नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं. कारण कळायला वीसहून जास्त वर्षं गेली, नात मोठी झाल्यावर तिनं सांगितलं. १९८५ चा तो गेम सगळा मिळून ४० किलोबाइटचा. आज लग्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तरी त्याहून जड असतो. तेवढ्या जागेत आभाळ, जमीन, किल्ले, कासवं, गाणं, सगळं बसवायचं होतं. चित्रं आठ बाय आठ चौकोनांच्या तुकड्यांत पाडलेली आणि एका तुकड्याला रंग मोजून मोजून दिलेले. मारिओला मिशा का? इतक्या थोड्या चौकोनांत तोंड दिसेना म्हणून. डोक्यावर टोपी का? केस काढणं जमेना म्हणून. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी हे स्वतः सांगितलेलं आहे. मी ऐकलं आणि मला माझाच कोणीतरी साडू भेटल्यासारखं झालं.

त्या गेमची कंपनी निन्टेन्डो. ती १८८९ साली क्योटोत सुरू झाली ती हातानं केलेले खेळायचे पत्ते विकायला, हेही नातीकडूनच कळलं. जपान म्हटलं की आम्हा मागवाल्यांना टोयोटा आठवते, पण गाडीमुळे नाही. मोटार नंतर आली, त्या घराण्याचा मूळ धंदा माग बनवण्याचा. धोट्यातलं आडवं सूत संपत आलं की न थांबता धोटा बदलणारा त्यांचा माग १९२४ चा. आमचे जुने जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, ही गोष्ट पुराणासारखी सांगायचे.

आता नात. अकरावीला आहे. मला ताता म्हणते. गुरुजींनी ज्या मुलांचं वर्णन केलंय त्यांतलीच ती, अगदी दप्तरावरच्या चित्रासकट. पहिल्यांदा तिनं माझ्या हातात मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं, पुस्तक दिलं तेव्हा मी नेहमीच्या बाजूनं उघडलं. तिथं शेवटचं पान निघालं. ती हसली, म्हणाली, "ताता, उलटीकडून. उजवीकडून डावीकडे." मला त्यात अडचण वाटली नाही. सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसतेच. एका बाजूला पिवळ्यावर लाल, फिरवली की लालवर पिवळं, दोन्ही बाजू खऱ्या.

पुस्तकाला रंग नव्हता. काळी शाई आणि पांढरा कागद. परत हो-नाही. मी दोन पानं नुसती बघत राहिलो. पावसात उभा असलेला एक मुलगा होता. पाऊस म्हणजे नुसत्या तिरक्या रेघा, आणि मुलाच्या चेहऱ्यावर डोळे सोडून काहीच काढलेलं नव्हतं. तरी तो थंडीनं कुडकुडत होता हे मला कळत होतं. काढणाऱ्यानं अर्धं सोडून दिलं होतं आणि ते अर्धं मी भरत होतो. गुरुजी म्हणतात मुलं डोकं बाजूला ठेवून बघतात. मला तर उलट दिसतं. टीव्हीवरच्या ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनांचंही तेच. १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांनी तिथल्या टीव्हीसाठी 'ॲस्ट्रो बॉय' ही पोलादी पोराची मालिका काढली, तेव्हा पैसे नव्हते. सेकंदाला चोवीस चित्रं काढायच्या जागी त्यांनी आठांत भागवलं. बरेचदा चेहरा जागच्या जागी, नुसतं तोंड हलतं. ही काटकसर पुढं त्या कामाची रीतच झाली. चित्र थांबतं तिथं बघणारा थांबत नाही, पुढचं मनात चालूच ठेवतो.

घरात सध्या 'डिमन स्लेयर' ही जपानी मालिका चालू आहे. माझी बायको अजूनही विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि मोबाइल तंबाखूच्या डब्याला टेकवून उभा केलेला. हिंदीतलं लागतं, अडलं की नात तेलुगूत सांगते. राक्षसानं घरचे मारलेला मुलगा, बहीण राक्षसीण झालेली, तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहून नेतो, दिवसा उन्हात काढता येत नाही म्हणून. बायकोचे हात विडी वळायचे कधी थांबत नाहीत. चाळीस वर्षांत माझ्यासाठी थांबले नाहीत. मरताना एका राक्षसाला लहानपण आठवतं, त्या ठिकाणी थांबले. "पापम्," म्हणाली. आमच्यात बिचाऱ्याला पापम् म्हणतात. मग परत मोजायला लागली, आणि मोजणी चुकली म्हणून नातीवर चिडली.

मला त्यातली गोष्ट कमी कळते, कपडे कळतात. त्या पोराच्या अंगरख्यावर हिरवे-काळे चौकोन. ही चौकोनांची नक्षी जपानात जुनी, अठराव्या शतकातल्या एका नटाच्या नावानं ओळखली जाते. बहिणीच्या गुलाबी कपड्यावर भांगेच्या पानाची नक्षी आहे. ते रोप भराभर आणि सरळ वाढतं, म्हणून तिकडे तान्ह्या बाळांना त्या नक्षीचे कपडे घालायची पद्धत. म्हणजे तिला तो कपडा कोणीतरी ती वाढावी म्हणून घातला असणार, आणि आता ती पेटीत बसलेली. मालिकेत हे कोणी तोंडानं बोलत नाही. आणखी एक तलवारबाज आहे, गियू नावाचा. त्याचा अंगरखा उभा दुभागलेला, अर्धा साधा एकरंगी, अर्धा नक्षीचा. मी म्हटलं, हे कापड वाया गेलेलं दिसतंय, तुकडे जोडलेत. नात गप्प झाली. मग म्हणाली, अर्धं त्याच्या मेलेल्या बहिणीचं, अर्धं मेलेल्या मित्राचं. (हे पत्रात लिहू नका म्हणत होती, स्पॉयलर होतो म्हणे. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी माफ करावं.) आमच्या आईच्या लुगड्यांची गोधडी अजून घरात आहे. मला जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

गेल्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, 'डिमन स्लेयर'चा नवा चित्रपट आला. भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा भाषांत लागला. मराठीत नाही. याबद्दल मराठीच्या नावानं रोज घसा कोरडा करणाऱ्यांपैकी कोणी ब्र काढल्याचं मला आठवत नाही. मी मात्र तेलुगू बोलणारा माणूस असून काढतोय. तर नातीला जपानी आवाजातच बघायचा होता आणि तिला सोयीचा खेळ पुण्याला होता. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस धरली. अडीचशे किलोमीटर, डब्यात कडक भाकरी, शेंगा चटणी. मी आयुष्यात पिक्चरसाठी गाव सोडलेला नव्हता.

पिक्चर अडीच तासांच्या वर. मी मध्ये दोनदा पेंगलो, खोटं कशाला बोलू. पण शेवटी जे बघितलं त्यासाठी हे पत्र लिहितोय. पिक्चर संपला, पडद्यावर नावं सुरू झाली आणि कोणी उठेना. आपल्याकडे 'समाप्त' यायच्या आधी लोक दाराशी. इथं शंभरेक पोरं बसून नावं वाचत होती. जपानी अक्षरांतली नावं, जी त्यांना वाचताही येत नव्हती. नातीला कोणत्या भागात कोणाचा हात आहे ते ठाऊक असतं. हाणामारी कोणी काढली, पाणी कोणी काढलं, आवाज कोणाचा, संगीत कोणाचं. परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत तेच सांगत होती.

संपादक महाशय, मी बेचाळीस वर्षांत किती नक्ष्या काढल्या याचा हिशेब नाही. त्या चादरी मुंबईत आहेत, दिल्लीत आहेत, कोणाच्या रुखवतात, कोणाच्या दवाखान्याच्या खाटेवर. एकीवरही माझं नाव नाही. मालकाच्या कारखान्याचं लेबल असतं, ते योग्यच, भांडवल त्यांचं. पण चादर पांघरणाऱ्या एकालाही कधी प्रश्न पडला नाही, की हा मोर कोणी काढला असेल. मलाही पडला नाही, खरं सांगायचं तर. तसं कोणी विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

२०२४ च्या मार्चमध्ये 'ड्रॅगन बॉल' ही मांगा काढणारे अकिरा तोरियामा गेले. १ तारखेला गेले, बातमी ८ तारखेला आली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नात त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, कोण वारलं? तिनं सांगितलं. चित्रं काढणारा एक म्हातारा हजारो मैलांवर गेला आणि आमच्या घरात ताट तसंच राहिलं. नटासाठी रडणारे बघितलेत, पुढाऱ्यासाठी रडणारे तर भाड्यानंही मिळतात. ग्राफवाल्यासाठी रडणारं पोर मी पहिलंच बघितलं.

आता कोटणीसांचं. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात मी नातीला लहानपणी नेलं होतं. १९३८ मध्ये गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय ३२. गुरुजींचं पत्र मी नातीला वाचून दाखवलं. तिनं वाद घातला नाही. मैत्रिणीकडून एक जाड पुस्तक आणून रोज रात्री मला इंग्रजीतून तेलुगू करून सांगायला लागली. 'बेअरफूट गेन'. काढणारे केइजी नाकाझावा हिरोशिमाचे, बॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे. वडील, बहीण, भाऊ त्या दिवशी गेले. पण बॉम्बच्या आधीची पानं मला जास्त लागली. त्यातला बाप उघड सांगतो की हे युद्ध चुकीचं आहे, आपलं सरकार चुकतंय. शेजारीपाजारी त्याला देशद्रोही म्हणतात, पोरांना शाळेत छळतात, शेतातला गहू तुडवतात. १९७३ पासून हे छापून आलं ते पोरांच्या साप्ताहिकात, शिवाय जपानी माणसानं जपानी पोरांसाठी काढलेलं. ज्या फौजेनं केलेल्या जखमा कोटणीस चीनमध्ये बांधत होते, त्याच फौजेला घरात बसून शिव्या देणारा हा बाप. गुरुजी, त्या दोघांचं एकमेकांशी वाकडं असेल असं मला तरी वाटत नाही. पुस्तक पाहिजे असेल तर नात देईल, मात्र परत द्यावं लागेल, मैत्रिणीचं आहे.

गुरुजींचा एक मुद्दा मात्र सोळा आणे खरा आहे. पैसे. माझ्या चुलत भावाच्या नातवानं बंदुकांच्या एका गेममध्ये बंदुकीला सोनेरी रंग आणि अंगात जाकीट घेण्यापायी आईच्या खात्यातले ६,४०० रुपये उडवले. विडीचे पैसे होते, एकेक हजारावर मजुरी मिळते, हिशेब करा. बंदूक तीच, रंग नवा. मारिओच्या ढगाची युक्ती, पण लुटायला वापरलेली. त्याला मी चांगलं फैलावर घेतलं. मोबाइलवर पैसे लावून खेळायची रमीबिमी हा आणखी वेगळा प्रकार. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळं ठेवलं. गुरुजींनी पत्रात सगळं एकाच पोत्यात भरलंय. आमच्या तरुणपणी मटक्यानं कितीतरी मागवाल्यांचे पगार खाल्ले. तेव्हा कोणाच्या हातात चित्रांचं पुस्तक नव्हतं.

रात्री उशिरापर्यंत बघणं हेही खरं. त्यासाठी आमच्याकडे साडेदहाला वायफायचं बटण बंद होतं, आणि बटण बायकोच्या उशापाशी आहे.

हे पत्र लिहायचं आणखी एक कारण आहे. दिवाळीत माळा साफ करताना माझे जुने ग्राफ निघाले. बरेच वाळवीनं खाल्लेले, पंधरा-वीस धड. नातीनं त्यातला एक कोरा मागितला. आठ दिवस दारं लावून बसली. मग आणून दाखवला. मोर होता, पण मोराच्या अंगावर भांगेच्या पानांची ती जपानी नक्षी, आणि वर ढग, खाली झुडूप. ढग आणि झुडूप एकच. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कार्डं वाचतील."

चुका होत्या. मोराच्या पोटात तिनं तेवीस चौकोन सलग लाल भरले होते. एवढा लांब धागा मोकळा राहिला तर बांगडीत, नखात अडकतो, चादर महिनाभरात ओढली जाते. मी पेन्सिल घेऊन शिकवलं, मध्ये कोरे चौकोन कसे पेरायचे, की धागा दबेल पण लांबून मोर भरलेलाच दिसेल. तिनं लगेच मोबाइलवर एका जुन्या गेममधलं आभाळ दाखवलं. तिथंही दोन रंगांचे चौकोन असेच आलटून पालटून पेरलेले, तिसऱ्या रंगाचा भास व्हावा म्हणून. मग दीड तास आम्ही दोघं बसून खाडाखोड केली. डोळ्याखालचा चौकोन मी तीनदा तपासला.

आता तिला त्याची चादर विणून पाहिजे. एकच. मी ओळखीच्या तीन कारखान्यांत विचारलं. एक बंद पडलाय, शेडमध्ये गोडाऊन आहे. दुसरे म्हणतात, कॉम्प्युटरचं जॅकार्ड आहे, पण शंभराच्या खाली माग लावत नाही. तिसरे हसले.

तरी आपल्या वाचकांपैकी कोणाकडे पुठ्ठ्याच्या कार्डांचं जुनं जॅकार्ड चालू स्थितीत असेल, आणि एका चादरीसाठी कार्डं पाडून माग लावायची तयारी असेल, तर कृपया संपादकांमार्फत कळवावं. मजुरी ठरेल ती देऊ. सूत आम्ही आणू. फक्त एका कोपऱ्यात दोन नावं विणायची आहेत, त्याचे चौकोन भरून तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त ग्राफवाला
पूर्व भाग, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)